आवृत्तीबदल आणि मराठीचे अध्यापक

‘आवृत्ती’ हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला समजावून द्यावा लागत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली, आणि आज आपण विद्यार्थ्याला ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे सांगतो तेव्हा ही दुसरी आवृत्तीच आपल्या मनात असते. त्याच्याही फार आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती पाहून ग्रंथाचा पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली. कोणती प्रत, कोणता पाठ, कोणते साल, या प्रश्नांवरच आपला अभ्यास उभा आहे. शोधनिबंधाच्या तळटीपेत आवृत्तीचा उल्लेख राहिला तर मार्गदर्शक तो निबंध परत करतात. मात्र ज्या संगणकावर तो निबंध लिहिला गेला त्याच्या कार्यप्रणालीची आवृत्ती कोणती, ती किती जुनी झाली आहे, ती बदलली तर आपल्या मजकुराचे काय होईल, हे मराठी विभागात सहसा कोणी विचारीत नाही. ते प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे काम आहे, अशी आपली सोयीची समजूत आहे.

ही समजूत आता सोडली पाहिजे, असे आम्हांला वाटते. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत; आमच्यापैकी काहीजण साताऱ्यात शिकवतात, काही सांगलीत. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापैकी कोणाकडेही नाही. तरीही आपापल्या विभागांतील लिनक्सवर चालणारे संगणक जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेण्याचे काम आम्ही स्वतः करीत आलो आहोत, आणि त्या अनुभवावरून आमचे मत असे बनले आहे की हे काम यंत्राचे कमी व पाठचिकित्सेचे अधिक आहे. म्हणूनच ते आपण केले पाहिजे.

प्रश्न आजच का उपस्थित करायचा? त्याला एक तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबले. तिच्यानंतरची प्रणाली पुष्कळशा जुन्या संगणकांवर चढत नाही. महाविद्यालयांतून अशा संगणकांची संख्या लहान नाही. ते भंगारात जातील, किंवा असुरक्षित अवस्थेत तसेच चालू राहतील, किंवा त्यांच्यावर लिनक्स येईल. दुसरीकडे, ज्या विभागांत पूर्वी कोणा उत्साही सहकाऱ्याने लिनक्स आणून ठेवले तेथेही परिस्थिती निश्चिंत नाही. उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२०ची. तिचे सर्वसाधारण साहाय्य मे २०२५ मध्ये संपले. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिने जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय बंद केली. म्हणजे फुकट मिणाऱ्या गोष्टीलाही मुदत असते. एकदा बसवले की जन्मभराची काळजी मिटली, असे येथे नाही.

ज्यांना या जगाचा परिचय नाही त्यांच्यासाठी आवृत्त्यांची रीत थोडक्यात सांगतो. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, निघते. तिचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. त्यांपैकी दर दोन वर्षांनी येणारी एप्रिलची आवृत्ती दीर्घ मुदतीची असते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळत राहतात. मधल्या आवृत्त्यांचे आयुष्य नऊ महिन्यांचे. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात, येथे ते नऊ महिने इतकाच फरक. डेबियनची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तिला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांची भीती थोडी कमी होते. महाविद्यालयाने दीर्घ मुदतीच्याच आवृत्तीवर राहावे आणि तिची मुदत संपण्यापूर्वी पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जावे, एवढे धोरण पुरेसे आहे. प्रत्येक नव्या गोष्टीमागे धावण्याचे आम्ही समर्थन करीत नाही.

आता मूळ मुद्दा. कार्यप्रणालीची आवृत्ती आणि मराठी मजकूर यांचा संबंध काय?

तो समजण्यासाठी सांगली जिल्ह्यातीलच एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. ती सुट्या खिळ्यांनी जुळवलेली नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर पानेच्या पाने कोरून तिची छपाई झाली. देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे. पण त्या पद्धतीची मर्यादाही तितकीच उघड आहे. पत्र्यावर कोरलेले अक्षर त्या पत्र्याचेच असते. ते उचलून दुसऱ्या शब्दात लावता येत नाही, त्याचा अनुक्रम लावता येत नाही, एक चूक सुधारायची तर पत्र्याशीच झगडावे लागते. सुट्या खिळ्यांनी अक्षराला पानापासून मोकळे केले.

संगणकावरच्या मराठीने हाच प्रवास पुन्हा एकदा केला आहे. १९९०च्या दशकात आणि २०००च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आपण जे फाँट वापरले त्यांत ‘क’ हा खऱ्या अर्थाने ‘क’ नव्हता. संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे आणि त्याच्यावर ‘क’चे चित्र काढलेले असे. तो विशिष्ट फाँट यंत्रावर असेपर्यंत मराठी दिसते. तो काढला की मागे निरर्थक रोमन अक्षरांचा ढिगारा उरतो. हे मिरजेच्या पत्र्यासारखेच झाले, फक्त पत्रा दिसत नाही. अक्षराला स्वतःचा क्रमांक देण्याची सोय भारतीय मानकात १९९१ साली झाली होती आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. पण मानक कागदावर असणे आणि आपल्या टेबलावरच्या यंत्राला ते कळणे यांत पुष्कळ वर्षे गेली. ते अंतर ज्यांनी भरून काढले त्यांत मुक्त प्रणालींसाठी काम करणारे स्वयंसेवक आणि अभियंते होते. ‘लोहित’ हा फाँट, कळफलकाच्या मराठी मांडण्या, प्रणालीतील सूचनांची मराठी भाषांतरे, अशा गोष्टी एका रात्रीत झाल्या नाहीत. त्या आवृत्तीमागून आवृत्तीत थोड्या थोड्या सुधारत आल्या. जुन्या आवृत्तीवर थांबणे म्हणजे या सुधारणांच्या एका टप्प्यावर मराठीला गोठवून ठेवणे होय.

उदाहरणे आपल्या गावांच्या नावांतच आहेत. ‘साताऱ्यात’ आणि ‘कऱ्हाड’ हे शब्द घ्या. त्यांतील अर्धा ‘र’ मराठीचे वैशिष्ट्य आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि सह्याद्री एवढे. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. त्यातच काही आज्ञावल्या अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि कऱ्हाडच्या डोक्यावर रफार चढतो. विभागाने दहा वर्षांत जमवलेल्या लोकगीतांच्या संग्रहात ‘साताऱ्याची’ हा शब्द शोधला आणि निम्म्याच ओव्या सापडल्या, तर ती यंत्राची चूक म्हणून सोडून देता येईल का? हा पाठभेद आहे. तो ओळखायला संगणकाची पदवी लागत नाही; मराठी यावे लागते.

दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्यापूर्वी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत. आजचा विद्यार्थी आपला निबंध मोबाइलवर लिहितो. त्याच्या कळफलकावरून नवे अक्षर उमटते. तो मजकूर २००८पूर्वीचे फाँट असलेल्या यंत्रावर उघडला की ‘ॲरिस्टॉटल’च्या आरंभी रिकामी चौकट दिसते. मोडी लिपीचे तर त्याहून ताजे आहे. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. त्याआधी घडलेल्या प्रणालीला मोडी नावाची लिपी जगात आहे हेच ठाऊक नाही. दप्तरखान्यांच्या या प्रदेशात मोडीचे वर्ग भरवायचे आणि विभागाचा संगणक मात्र मोडीला ओळखत नाही, हे चित्र शोभणारे नाही.

अनुक्रमाचाही प्रश्न आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात ठेवायचे की वर्णमालेच्या अखेरीस, हा कोशकारांपुढचा जुना प्रश्न. लिनक्सच्या पोटातील ज्या मूलभूत ग्रंथालयावर अक्षरांचा क्रम अवलंबून असतो त्याच्या २.२८ या आवृत्तीत, २०१८ साली, अनुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. तेव्हा संदर्भसूची जुन्या यंत्रावर लावली आणि नव्यावर पुन्हा लावली, तर क्रम तोच राहील असे गृहीत धरता येत नाही. बरोबर कोणता हे ठरवण्याचा अधिकार सूची करणाऱ्याचा आहे. पण त्यासाठी असा बदल होऊ शकतो हे त्याला ठाऊक असायला हवे.

लाभाचेही एक उदाहरण देतो. छापील पानाच्या चित्रावरून मजकूर वाचणारी ‘टेसरॅक्ट’ नावाची मुक्त आज्ञावली आहे. तिची चौथी आवृत्ती २०१८ साली आली. त्यात ओळखण्याची पद्धतच बदलली आणि देवनागरीला त्याचा चांगला उपयोग झाला. प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांतून मराठीच्या माहितीसह ती सहज बसवता येते. जुन्या मासिकांचे अंक, दुर्मीळ चरित्रे, संस्थानी काळातील अहवाल यांचा मजकूर शोधण्याजोगा करायचा तर हे साधन हाताशी हवे. त्याचे वाचन निर्दोष नसते. मुद्रितशोधन करावेच लागते. पण मुद्रितशोधन हे तर आपलेच काम.

आता प्रत्यक्ष आवृत्तीबदलाकडे वळू. पाठचिकित्सेशी त्याचे साम्य आम्हांला प्रथम जाणवले ते एका साध्या प्रश्नामुळे. नवी आवृत्ती चढत असताना मध्येच काम थांबते आणि यंत्र विचारते: या फाइलमध्ये तुम्ही स्वतः काही बदल केले होते, नव्या आवृत्तीसोबत तिची नवी प्रत आली आहे, तुमची प्रत ठेवू की नवी घेऊ? आणखी एक पर्याय असतो, दोहोंतील फरक दाखवण्याचा. संपादकापुढे हस्तलिखितांच्या दोन शाखा ठेवल्या तर तो काय करील? डोळे मिटून नवी घेणार नाही, हट्टाने जुनीही ठेवणार नाही. फरक पाहील, कारण शोधील आणि निर्णयाची नोंद करील. घाईत असलेला माणूस येथे कोणतेही बटण दाबतो आणि आठ दिवसांनी मराठीचा कळफलक नाहीसा झाला म्हणून तक्रार करतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती एम.ए.च्या वर्गात समजावून देणाऱ्या अध्यापकाला हा प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

पाठचिकित्सेचा पहिला नियम म्हणजे मूळ प्रत सुरक्षित ठेवणे. सांगलीकरांना तो वेगळा शिकवायला नको. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या जुन्या नगरवाचनालयाचे हजारो ग्रंथ पाण्यात गेले. ज्यांची दुसरी प्रत कोठे होती ती पुस्तके पुन्हा मिळू शकतात. ज्यांची नव्हती ती गेली. संगणकातील मजकुराचेही असेच आहे. आवृत्तीबदलापूर्वी सर्व मजकुराच्या दोन प्रती निराळ्या साधनांवर काढाव्यात आणि त्यांतील एक निराळ्या इमारतीत, शक्यतो निराळ्या गावात ठेवावी. साताऱ्याची प्रत सांगलीला आणि सांगलीची साताऱ्याला ठेवण्याची आमची व्यवस्था आहे. ज्या प्रबंधांचे पृष्ठक्रमांक महत्त्वाचे आहेत त्यांची पीडीएफ प्रतही काढून ठेवावी. कारण फाँटची आवृत्ती बदलली की अक्षरांची रुंदी किंचित बदलू शकते, ओळी दुसरीकडे तुटतात आणि सूचीतील पृष्ठक्रमांक खोटे ठरतात.

दुसरा नियम चाचणी-पाठाचा. एका पानावर मराठीच्या सर्व अवघड जागा लिहून ठेवाव्यात: साताऱ्यात, कऱ्हाड, वाङ्मय, ब्राह्मण, उद्ध्वस्त, ज्ञान, क्षत्रिय, ऋण, ॲ आणि ऑ, ळ, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, अवतरणातला अवग्रह, मोडीची एखादी ओळ. हे पान बदलापूर्वी छापावे, बदलानंतर छापावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून, यंत्रावर काहीही न बसवता, चालवून पाहता येते; तेव्हा हे पान तिच्यावर आधीच उघडून पाहणे शहाणपणाचे. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का ते पाहावे. पुष्कळदा फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषेची नोंद पाहून त्यांतील एक निवडले जाते. आपली भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगावे लागते. ते न सांगता मराठी अक्षरे हिंदी झाल्याची खंत करण्यात अर्थ नाही.

तिसरा नियम क्रमाचा. दीर्घ मुदतीच्या दोन आवृत्त्या एकदम ओलांडता येत नाहीत. २०.०४वरून २४.०४वर जायचे तर वाटेत २२.०४वर मुक्काम करावा लागतो. जितके दिवस टाळाल तितके मुक्काम वाढतात. बाहेरून जोडलेली आज्ञावलींची भांडारे या प्रवासात बंद केली जातात आणि ती पुन्हा पाहून जोडावी लागतात. म्हणून काय काय जोडले आहे याची यादी आधी हवी. एका मुक्कामाला एक सकाळ पुरते, असा आमचा अनुभव आहे. परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत मात्र हे काम हाती घेऊ नये.

आणि शेवटचे, सर्वांत कष्टाचे काम म्हणजे जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात. पण त्यांनी दिलेला पाठ अंतिम मानू नये. वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार सरकतो, ऱ्यचा र्य होतो. प्रत्येक पान माणसाने वाचलेच पाहिजे. आमच्या मते एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवण्याचा याहून चांगला प्रात्यक्षिक वर्ग नाही. त्यांना जुने हस्तलिखित क्वचित हाताळायला मिळते. वीस वर्षांपूर्वीचा, जुन्या फाँटमध्ये अडकलेला विभागाचा स्वतःचा अंक मात्र कपाटात असतोच.

याला आक्षेप येतील. पहिला नेहमीचा: चालले आहे ना, मग हात कशाला लावायचा? त्याला वाईकडे बोट दाखवून उत्तर देता येईल. सातारा जिल्ह्यातील वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली आला आणि वीस खंडांचा प्रकल्प पुरा व्हायला दशके लागली. एवढे झाल्यावरही ‘झाले’ असे म्हणून कोणी कपाट बंद केले नाही. नोंदी जुन्या होतात म्हणून त्या अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळे नेमावी लागली आणि कोश महाजालावर आणावा लागला. ज्ञान सांभाळायचे तर त्याची निगा अखंड करावी लागते. ते साठवणाऱ्या यंत्राचा त्याला अपवाद कसा असेल? शिवाय ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे ती विभागातल्या विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हांच्या येण्याजाण्यात किती दिवस सुरक्षित राहील, हाही प्रश्न आहेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नव्या आवृत्तीत काही गोष्टी बिघडतात. हे खरे आहे. जुना प्रिंटर रुसतो, सवयीची खिडकी जागा बदलते, एखादी उपयुक्त आज्ञावली वगळलेली असते. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने मोठा गाजावाजा होऊन लिनक्स स्वीकारले, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर नेले, आणि २०१७ साली तेथील नगरपरिषदेने परत फिरण्याचा निर्णय घेतला. हे उदाहरण लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या शेजारी केरळचे उदाहरण ठेवावे. २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या उपक्रमातून तेथील सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर गेल्या. पुढे ‘काइट’ या संस्थेने उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर आधारलेली शाळांसाठीची प्रणाली वेळोवेळी नव्याने काढली. आमच्या दृष्टीने केरळचे मर्म असे की तेथे शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले गेले आणि शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले. मल्याळमच्या शिक्षकाला जे जमते ते मराठीच्या अध्यापकाला जमू नये, असे मानायला आम्ही तयार नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तोच सर्वांत प्रबळ आहे. हे काम आपल्या दर्जाचे नाही, असे वाङ्मयाच्या अध्यापकाला आतून वाटत असते. त्याबाबतीत एवढेच म्हणू की ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि शिकणाऱ्याने स्वतःच्या हातांनी काम करून शिकावे हे तत्त्व रुजवले, त्या जिल्ह्यात तरी असा संकोच असू नये. स्वावलंबनावर भाषण करणे सोपे असते. आपल्या विभागाच्या यंत्रावर मराठी कशी लिहिली जाते, कशी साठवली जाते आणि उद्या कशी वाचली जाईल, यासाठी दुसऱ्यावर अवलंबून न राहणे हे त्याचेच आजचे रूप आहे.

मदत मागू नये असा याचा अर्थ नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. तो कार्यशाळा भरवतो. त्याच विश्रामबाग परिसरात विलिंग्डन महाविद्यालयही आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रणाली बसवता येते, पण कऱ्हाडच्या डोक्यावरचा रफार त्याच्या नजरेतून सुटू शकतो. मराठीच्या विद्यार्थ्याला तो तात्काळ खटकतो, पण दुरुस्त कोठे करायचा हे कळत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवणे अध्यापकांच्या हातात आहे. दोष सापडला तर तो प्रणाली घडवणाऱ्यांना कळवताही येतो. मुक्त प्रणालीचे हे मोठे वैशिष्ट्य: आपली दुरुस्ती पटली तर ती पुढच्या आवृत्तीत येते आणि नागपूरपासून बेळगावपर्यंत सर्वांना मिळते. एखाद्या कोशाच्या संपादकाला वाचकाने चूक कळवावी आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त व्हावी, याहून हे फारसे निराळे नाही.

आमची सूचना लहान आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या संगणकांवर कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती आणि तिची मुदत कधीपर्यंत, याची नोंद विभागाच्या ग्रंथनोंदवहीइतक्याच काळजीने ठेवावी. नॅकसाठी तयार केलेल्या अहवालांत विद्यार्थी आणि संगणक यांचे प्रमाण विचारले जात आले आहे. त्या संगणकावर ‘साताऱ्यात’ हा शब्द नीट उमटतो का, हे मात्र आपणच आपल्याला विचारायचे आहे. चाचणी-पाठाचे पान करावे. वर्षातून एक दिवस विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जुन्या फाँटमधील निदान एक अंक युनिकोडमध्ये आणावा आणि वाचून शुद्ध करावा. आणि दीर्घ मुदतीची नवी आवृत्ती आली की पहिल्या काही महिन्यांत घाई न करता, पण मुदत संपण्याची वाटही न पाहता, तिच्याकडे जावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. अभिजात ठरलेल्या भाषेचे ग्रंथ टिकले ते कोणीतरी, कोठेतरी, जुन्या पोथीवरून नव्या पोथीवर ते उतरवून घेत राहिले म्हणून. त्या लेखकूंची नावे बहुधा आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या चुका मात्र आपण वर्गात मोठ्या चवीने दाखवतो. आपल्या पिढीची पोथी पाच वर्षांत जुनी होते. ती उतरवून घेण्याची पाळी आता आपली आहे.